जुना बीअर चिलर घ्यावा का? पैसे देण्याआधी हे वाचा



गेल्या आठवड्यात आपल्या महिला बचत गटातल्या एका ताईंनी मला फोटो पाठवला. काचेचं दार, आत लाइट, वर बीअरच्या कंपनीचं अर्धवट खरवडलेलं नाव. खाली लिहिलं होतं, "सर, १२ हजाराला मिळतोय. चालू आहे म्हणतात. सीताफळासाठी घेऊ का?" गटाच्या बचतीतले पैसे होते. त्याच दिवशी आणखी दोन सभासदांनी जवळजवळ हाच प्रश्न विचारला. एकाला दुधासाठी पाहिजे होता, एकाला पनीरसाठी. म्हणून सगळ्यांसाठी एकदाच सविस्तर लिहितोय. मेसेज मोठा आहे. सावकाश वाचा, जपून ठेवा, आणि चिलर बघायला जाताना सोबत न्या.

आधी माझीच चूक सांगतो. डिप्लोमा झाला त्या वर्षी मी घरी असाच एक चिलर आणला होता. संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवायचं आणि सकाळच्या दुधासोबत घालायचं, असा विचार होता. मशीन चांगली चालू होती, हात घातला की गार लागायचं. पहिल्याच आठवड्यात ६० लिटर दूध फाटलं. मी मशीनला दोष दिला, मेकॅनिक बोलावला, गॅस तपासला. मशीनमध्ये काहीच खोट नव्हती. खोट माझ्या हिशोबात होती. ती कशी, ते पुढे येईलच.

*१) हे चिलर बाजारात येतात कुठून?*

बीअर शॉपी, परमिट रूम, धाबे बंद झाले किंवा त्यांनी नवीन मशीन घेतली की जुनी विकायला निघते. मोठी लाट आली ती २०१७ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालामुळे १ एप्रिल २०१७ पासून राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांलगत दारूविक्रीवर अंतराची बंदी आली. नंतर काही ठिकाणी सूट मिळाली, पण मधल्या काळात रस्त्याकडेच्या अनेक दुकानांतलं सामान विकलं गेलं. आपल्याकडून तर धुळे-सोलापूर महामार्गच जातो. "हायवेवरच्या बंद बारमधला आहे, कमी वापरलाय" असं कोणी सांगितलं तर मशीनचं वय मोजा. तेव्हा बंद पडलेल्या दुकानातली असेल तर ती किती वर्षं कोपऱ्यात धूळ खात पडली होती, हेही विचारा. बंद पडून राहिलेली मशीन चालू मशीनपेक्षा बरी असतेच असं नाही. तिची रबरं सुकतात, उंदीर वायर कुरतडतात, नळ्यांना गंज लागतो.

*२) सगळ्यात महत्त्वाचं: बीअर चिलर नेमका कशासाठी बनवलेला असतो?*

दुकानदार रात्री दुकान बंद करताना बाटल्या भरतो, त्या रात्रभर हळूहळू गार होतात, आणि दिवसभर गार राहतात. बाटली बंद असते. ती दोन तास उशिरा गार झाली तरी आतला माल खराब होत नाही. तापमान साधारण २ ते ८ अंश. एवढंच काम त्याला येतं.

म्हणजे बीअर चिलर हा *गार माल गार ठेवणारा* डबा आहे. *गरम माल पटकन गार करणारी* ती मशीन नाही. या एका वाक्यात निम्मा निर्णय आहे. माझं दूध इथंच फाटलं.

*३) दुधाचा हिशोब करून बघू*

धार काढल्यावर दूध असतं ३५ अंशांच्या आसपास. ते टिकवायचं तर दोन-तीन तासांत ४ अंशांच्या जवळ आलं पाहिजे. कारण गरम दुधातले काही जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. चार तासांत एकाचे अडीचशे होतात.

१०० लिटर दूध ३५ वरून ४ अंशांवर आणायला जवळजवळ ३.४ युनिट एवढी उष्णता बाहेर काढावी लागते. हा विजेचा खप नाही, दुधातली उष्णता आहे. समजा तुमचा चिलर ४०० वॅटच्या वेगाने उष्णता खेचतो. तर सगळं सुरळीत चाललं तरी साडेआठ तास लागतील. त्यात दार उघडणं, काचेतून येणारी उष्णता, उन्हाळा धरला तर आणखी जास्त. शिवाय चिलरमध्ये गार हवा फिरते, आणि हवा उष्णता फार हळू ओढते. कॅनच्या कडेचं दूध गार होतं, मधलं तासन् तास कोमट राहतं. तेवढ्या वेळात जिवाणूंचं काम झालेलं असतं.

म्हणून संकलन केंद्रावर जो बल्क मिल्क कूलर असतो, त्याची रचनाच वेगळी असते. तिथं दूध थेट गार पत्र्याला लागतं आणि आत पंखा दूध ढवळत राहतो. बीअर चिलर त्याची जागा घेऊ शकत नाही.

👉 *रोजचं दूध १५-२० लिटरपेक्षा जास्त असेल आणि ते चिलरमध्ये गार करायचा विचार असेल, तर चिलर घेऊ नका.*

ज्यांच्याकडे चिलर आधीच आहे, त्यांनी त्यात दूध न ठेवता *पाणी* ठेवावं. रात्री ८० लिटर पाणी बाटल्यांत भरून ५ अंशांवर आणा. धार झाली की हौदात किंवा मोठ्या टबात ते पाणी ओता, त्यात ४० लिटरचा स्टीलचा कॅन उभा करा, दूध स्वच्छ पळीने मधून मधून हलवा. दूध आणि पाणी दोन्ही साधारण १५ अंशांवर येतील. म्हणजे दुधातली दोन तृतीयांश उष्णता पाण्याने ओढून घेतली. पाणी हवेपेक्षा वीस पटीहून जास्त चांगली उष्णता वाहून नेतं, म्हणून हे लवकर होतं. १५ अंश म्हणजे रात्रभर टिकवायला पुरेसं नाही, पण गाडी येईपर्यंत किंवा केंद्रावर पोचेपर्यंत दूध सावरतं.

*४) सीताफळ: इथं तर उलटाच घोटाळा*

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. हंगाम तोंडावर आहे म्हणून नीट वाचा.

बालाघाटाच्या डोंगरातल्या आपल्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. अंबाजोगाईला कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे, 'धारूर ६' हा वाण तिथलाच. फळ आपलं नावाजलेलं आहे, पण नाजूक. तोडल्यावर तीन ते पाच दिवसांत पिकून मऊ होतं. म्हणून वाटतं, गार ठेवलं की टिकेल.

टिकत नाही. सीताफळ हे उष्ण भागातलं फळ आहे. १२-१३ अंशांच्या खाली ठेवलं की त्याला थंडी बाधते. साल काळी पडते, बाहेर काढल्यावर नीट पिकत नाही, चव जाते. बीअर चिलरच्या ४ अंशांत दोन-तीन दिवस ठेवलेलं सीताफळ बाजारात कोणी हातात घेणार नाही. म्हणजे टिकवायला ठेवलं आणि आपणच वाया घालवलं.

गर काढून ठेवू म्हणाल, तर गराला चिलर नाही, *डीप फ्रीज* लागतो. गर उणे १८ अंश किंवा त्याखाली गोठवून ठेवावा लागतो. बीअर चिलर तिथपर्यंत जातच नाही, आणि थर्मोस्टॅट फिरवून जाणारही नाही. गर गरम करून टिकवायचा म्हटलं तर तो कडवट होतो. त्यामुळे गराचा धंदा करायचा असेल तर पैसे चिलरमध्ये अडकवू नका.

👉 *ताई, तुमच्या सीताफळासाठी उत्तर "नको" असंच आहे.*

हीच गोष्ट आंबा, केळी, कच्चा टोमॅटो, काकडी, वांगी, भेंडी यांची. या सगळ्यांना कमी तापमान बाधतं. केळी-आंब्याला १३ अंशांच्या आसपास, वांगी-काकडीला १० च्या वर, भेंडी-मिरचीला ७ ते १० अंश.

रेशीमवाल्यांनीही विचारलं होतं म्हणून सांगतो. अंडीपुंज उबवायला साधारण २५ अंश आणि दमट हवा लागते. ते बीअर चिलरमध्ये ठेवायचा विचारही करू नका.

*५) मग चिलर कशाला चालतो?*

✅ पनीर, दही, ताक, श्रीखंड, पॅकिंग केलेलं दूध. पनीर गार पाण्यात टाकून आधी थंड करून घ्या आणि मग ठेवा.
✅ खवा, चार-पाच दिवसांसाठी. आधी पूर्ण निवू द्या, झाकण घट्ट लावा.
✅ मेथी, कोथिंबीर, पालक, फुलकोबी, गाजर. पण चिलरमधली हवा कोरडी असते, पंखा सतत फिरतो. उघडी जुडी ठेवली तर एका रात्रीत सुकते. ओल्या गोणपाटात किंवा बारीक छिद्रं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पिकलेली फळं भाजीसोबत ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून वायू निघतो, त्याने भाजी पिवळी पडते.
✅ रस्त्याकडेचा स्टॉल असेल तर पाणी, लस्सी, उसाच्या रसाच्या बाटल्या. ज्या कामासाठी मशीन बनली तेच काम.

❌ कीटकनाशक, जैविक खतं, जनावरांच्या लसी खाण्याच्या मालासोबत एकाच चिलरमध्ये कधीच नको. लसीला २ ते ८ अंश तापमान सांभाळावं लागतं आणि ती गोठून चालत नाही. जुन्या चिलरच्या मागच्या भिंतीला बर्फ धरतो, तिथं लस वाया जाते आणि आपल्याला कळतही नाही. ते काम पशुवैद्यकीय दवाखान्यावर सोडा.

*६) १२ हजार ही खरी किंमत नाही*

खाली नमुना हिशोब देतोय. तुमचे आकडे टाकून परत करा.

▪️ चिलर: १२,०००
▪️ दुरुस्ती, रबर, गॅस: ४,०००
▪️ स्टॅबिलायझर: ३,०००
▪️ टेम्पो भाडं: १,५००
▪️ *एकूण: २०,५००*

जुनी मशीन तीन वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला ५७० रुपये झाले. आता वीज. काचेच्या दाराचा मोठा चिलर दिवसाला ६ युनिट खातो असं समजू. महिन्याला १८० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर १,८०० रुपये. दोन्ही मिळून जवळजवळ २,३७० रुपये महिना, म्हणजे *दिवसाला ८० रुपये.*

स्वतःला एकच प्रश्न विचारा: या चिलरमुळे रोज ८० रुपयांपेक्षा जास्त नुकसान वाचणार आहे का? वर्षातले तीनशे पासष्ट दिवस? की फक्त लग्नसराईत आणि उन्हाळ्यात? वर्षातून तीनच महिने काम असेल तर त्या तीन महिन्यांनी सगळ्या वर्षाची मशीनची किंमत भरून काढली पाहिजे.

वीज किती खातो हे मालकाला विचारू नका, मोजा. मशीन जिथं आहे तिथं मीटरचा आकडा लिहून घ्या, बाकी सगळं बंद ठेवून चोवीस तास फक्त चिलर चालू ठेवा, परत आकडा बघा. एवढं जमत नसेल तर प्लगमध्ये लावायचं छोटं वीज मोजणारं मीटर मिळतं, तेही चालेल.

अजून एक. शेतीपंपाच्या कनेक्शनवर चिलर लावायचा विचार करू नका. ते कनेक्शन पंपासाठी असतं, आणि तिथं वीज दिवसाचे काही तासच असते. चिलरला चोवीस तास लागते. घरगुती मीटरवर धंदा करायचा असेल तर आधी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या.

*७) बघायला जाताना काय तपासायचं?*

सोबत न्या: एक साधं थर्मामीटर, टेस्टर, टॉर्च, दहा-वीस पाण्याच्या बाटल्या, आणि जमलं तर ओळखीचा फ्रीज मेकॅनिक. मेकॅनिक विकणाऱ्याचा नको, आपला पाहिजे.

*अ)* आदल्या दिवशी फोन करून सांगा, "मशीन बंद ठेवा, आम्ही आल्यावर चालू करू." गेल्यावर मागच्या कॉम्प्रेसरला हात लावा. गरम लागला तर ती आधीच चालू करून ठेवली होती. चालू मशीन सगळ्यांचीच गार असते. बंद मशीन आपल्यासमोर नीट चालू होते का, हे बघायचं असतं.

*आ)* चालू करताना आवाज ऐका. हलकी घरघर ठीक. खडखड, किंवा "टक" होऊन परत बंद पडणं, परत "टक", हे कॉम्प्रेसर जाण्याचं लक्षण.

*इ)* मागची जाळी म्हणजे कंडेन्सर. चालू झाल्यावर ती गरम व्हायला पाहिजे. जाळीत धूळ, कोळिष्टकं भरली असतील तर मशीन जास्त वीज खाऊनही गार करत नाही. ही धूळ ब्रशने निघते, त्याला घाबरू नका. पण पत्रा गंजून भुगा झाला असेल तर सोडून द्या.

*ई)* नळ्यांच्या जोडांवर तेलकट डाग दिसले तर तिथून गॅस गळतोय. आतल्या कॉइलवर बर्फाचा पापुद्रा एका कोपऱ्यातच धरत असेल तरी गॅस कमी असल्याची शंका घ्या. "गॅस भरून देतो" म्हटलं तर विचारा, "गळती कुठं आहे ती दाखवा." गळती न बुजवता भरलेला गॅस काही महिन्यांत परत जातो.

*उ)* दाराचं रबर. दारात एक नोट अर्धी आत, अर्धी बाहेर धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून थंडावा जातोय. चारही बाजूंनी करून बघा. काचेच्या दोन थरांच्या मधे धुकं दिसत असेल तर काचेचं सील गेलंय.

*ऊ)* बाहेरच्या पत्र्याला टेस्टर लावा. लाइट लागली तर हात लावू नका. घरात लहान लेकरं असतात, अर्थिंग नसेल तर मशीन घरी आणूच नका.

*ए)* आता बाटल्या. साध्या पाण्याच्या बाटल्या भरा, मधल्या बाटलीत थर्मामीटर ठेवा, आणि शक्य असेल तर *चोवीस तासांनी* परत या. पाणी ५-६ अंशांवर आलं असेल आणि मशीन मधे मधे आपोआप बंद होत असेल, तर मशीन धडधाकट आहे. सारखी चालूच राहत असेल तर ती थकलेली आहे. विकणारा चोवीस तास द्यायला तयार नसेल तर तेही एक उत्तरच समजा.

*ऐ)* आतला वास घ्या. सांडलेली बीअर तळाच्या निचऱ्याच्या नळीत जाऊन बुरशी धरते. हलका वास खाण्याचा सोडा आणि कोमट पाण्याने जातो. पण आतला पत्रा फुगलेला, दाबला की मऊ लागत असेल, बाहेरून घाम येत असेल, तर आतल्या फोममध्ये पाणी शिरलंय. ते दुरुस्त होत नाही.

*८) मागची पट्टी वाचा*

मशीनच्या मागे किंवा आत एक पट्टी चिकटवलेली असते. तिचा फोटो काढून मला पाठवा. तीन गोष्टी बघायच्या.

▪️ *गॅस कोणता?* 'आर-१२' लिहिलं असेल तर घेऊ नका. ओझोनच्या थराला धोका असल्याने, काही औषधी अपवाद सोडून, असे वायू भारतात १ जानेवारी २०१० पासून बंद आहेत. म्हणजे मशीन पंधरा वर्षांहून जुनी आहे आणि खरा गॅस मिळणार नाही. 'आर-१३४ए' असेल तर दुरुस्ती सहज होते. 'आर-६००ए' किंवा 'आर-२९०' हे पेट घेणारे वायू आहेत. वीज कमी खातात, पण त्यांची दुरुस्ती जाणकाराकडूनच. आणि कोणी स्वस्तात म्हणून *स्वयंपाकाचा गॅस* भरून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या मशीनसाठी न बनवलेला पेटणारा गॅस घरात कोंडून ठेवायचा नाही.

▪️ *किती उन्हात चालते?* पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असेल तर 'एन' म्हणजे ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८ पर्यंत, 'टी' म्हणजे ४३ पर्यंत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी पार करतो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त असतं. 'एन' वर्गाची मशीन हिवाळ्यात उत्तम चालेल आणि नेमकी उन्हाळ्यात मान टाकेल.

▪️ *मालक कोण?* हे बरेच जण बघतच नाहीत. शीतपेय आणि बीअरच्या कंपन्या दुकानदाराला चिलर वापरायला देतात, पण मालकी कंपनीचीच राहते. मशीनवर कंपनीचं बारकोडचं लेबल किंवा धातूची पट्टी, क्रमांक असेल, किंवा ते खरवडलेलं असेल, तर दुकानदाराला ती विकायचा अधिकार आहे का, हे विचारा. खरेदीची पावती मागा. पावती नसेल तर निदान विकणाऱ्याच्या सहीचा कागद घ्या, त्यावर मशीनचा क्रमांक, रक्कम, तारीख लिहा. उद्या कोणी "ही आमची मशीन" म्हणून दारात आलं तर आपल्याकडे कागद पाहिजे.

*९) घेतलाच तर एवढं करा*

▪️ टेम्पोत मशीन उभीच आणा. आडवी आणावी लागली तर घरी उभी करून पूर्ण एक दिवस बंद ठेवा, मगच चालू करा. नाहीतर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत जातं.
▪️ भिंतीपासून वीतभर लांब, सावलीत, चुलीपासून आणि पत्र्याच्या भिंतीपासून दूर ठेवा.
▪️ वेळ लावून सुरू होणारा स्टॅबिलायझर घ्या. लाइट गेल्यावर लगेच परत आली तर कॉम्प्रेसरला तीन-चार मिनिटं विश्रांती मिळाली पाहिजे.
▪️ रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. लाइट गेली तर तेवढाच थंडावा जास्त टिकतो. काचेचं दार थंडी लवकर सोडतं.
▪️ भेंडी-मिरचीसाठी ८-१० अंशांवर चालवायचा असेल तर बाहेरून लावायचा डिजिटल तापमान कंट्रोलर बसवून घ्या. मूळ बटणाने बरेचदा एवढं वर जात नाही.
▪️ पनीर, दही विकणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. कंपनीच्या कार्यालयात मदत मिळेल.

*१०) बिनविजेचा पर्याय*

भाजीसाठी चिलर घ्यायचा विचार असेल तर आधी हे करून बघा. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने फार वर्षांपूर्वी *शून्य ऊर्जा शीतकक्ष* तयार केलाय. विटांच्या दोन भिंती, मधे साडेसात सेंटिमीटर जागा, त्यात वाळू. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची, वर गवताचं किंवा गोणपाटाचं झाकण. पाण्याची वाफ होताना उष्णता ओढली जाते आणि आतलं तापमान उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी कमी राहतं. ओलावाही चांगला राहतो, म्हणून भाजी सुकत नाही. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे उन्हाळ्यात हे उत्तम चालतं. पावसाळ्यात उपयोग कमी. वीज बिल शून्य, विटा-वाळू गावातच मिळते. टोमॅटो, वांगी, भेंडीला तर चिलरपेक्षा हेच बरं, कारण थंडी बाधत नाही.

आणि मोठा विचार असेल, गटाने मिळून डीप फ्रीज, कूलर किंवा शीतगृह घ्यायचं असेल, तर जुन्याच्या मागे लागण्याआधी योजना बघा. २०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीत कर्जावर व्याजात ३ टक्के सवलतीची, आणि सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदानाची तरतूद केली गेली. पण जुन्या, वापरलेल्या मशीनला ते मिळेल असं गृहीत धरू नका. तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा, मग पैसे द्या.

*थोडक्यात, पैसे देण्याआधी चार प्रश्न:*

१. माझा माल आधीच गार आहे, की मला तो गार करायचाय? (गार करायचा असेल तर नको.)
२. माझ्या मालाला २ ते ८ अंश चालतात का? (सीताफळ, आंबा, केळीला नाही.)
३. रोजचा खर्च निघेल एवढं नुकसान वाचतंय का?
४. चोवीस तास चालवून बघितला का, आणि कागद मिळाला का?

चारही उत्तरं मनासारखी आली तरच घ्या. एकही अडखळलं तर एक दिवस थांबा, मला फोन करा. थांबल्याने चिलर हातचा गेला तर जाऊ द्या, असे चिलर परत विकायला येतात. बचत गटाचे २० हजार मात्र परत जमवायला बायकांना किती महिने लागतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ता. क. ताईंनी चिलर घेतला नाही. गटाने सध्या पनीरचा विचार सुरू केलाय. रोज किती किलो विकलं जाईल हे महिनाभर वहीत लिहायचं आणि मग ठरवायचं, असं त्यांच्याच बैठकीत ठरलं. मला हा मार्ग पटला. तुमच्याकडे चिलर असेल तर तो कशासाठी वापरता, महिन्याला बिल किती येतं, ते नक्की कळवा. पुढच्या मेसेजमध्ये सगळ्यांना सांगेन.

आपला,
कृषी सल्लागार
(शंका असल्यास मशीनच्या पट्टीचा फोटो पाठवा. संध्याकाळी ६ नंतर उत्तर देईन. 🙏)